सी ड्राइव्ह लाल झालाय आणि ताळेबंद जुळत नाही

खजिनदार_कळवा | शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

कळव्यातल्या एका जुन्या सोसायटीचा खजिनदार आहे. खजिनदार झालो कारण मीटिंगला उशिरा पोचलो आणि तोवर बाकीची पदं भरली होती. वार्षिक सभा पुढच्या रविवारी. ती ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते हे सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको. आज ताळेबंदाची फाइल सेव्ह करायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणतो, डिस्कवर जागा नाही. बघतो तर सी ड्राइव्हची पट्टी परत लालभडक.

यंत्राची कुंडली: २०१९ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप, विंडोज १०, रॅम १६ जीबी. सी ड्राइव्ह म्हणजे १२० जीबीचा एसएसडी (चिपवाली, न फिरणारी वेगवान डिस्क), पण दाखवतो ११०. डी ड्राइव्ह म्हणजे १ टीबीची हार्ड डिस्क, ती निम्मी रिकामी. सीमध्ये शिल्लक १.४ जीबी.

आठवडाभर उपाय चालू आहेत. रिसायकल बिन रिकामा केला. डाउनलोडमधले लग्नांचे व्हिडिओ डीवर नेले. मुलाचा एक गेम काढून टाकला (त्यावरून घरात जे झालं तो वेगळ्या धाग्याचा विषय). थोडी जागा सुटते आणि दोन दिवसांत परत लाल.

मला खरं छळतंय ते दुसरंच. सी ड्राइव्ह उघडून आतले सगळे फोल्डर निवडले आणि प्रॉपर्टीज पाहिल्या. बेरीज ६६ जीबी. ड्राइव्ह स्वतः सांगतो की १०९ वापरलेत. मधले ४३ जीबी कुठे गेले? सोसायटीच्या हिशेबात एवढी तफावत निघाली असती तर मला गेटपर्यंत पोचू दिलं नसतं.

शेवटी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डी २०० जीबीने आकसवला. म्हटलं, ती जागा सीला जोडू. पण सीवर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' पुसट दिसतंय, दाबलंच जात नाही. आता ते २०० जीबीही अधांतरी लटकलेत.

जाणकारांनी मार्ग दाखवावा.

सानपाडाकर | रात्री १०:२०

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हीच बोंब.

वडापाव_३८६ | रात्री १०:२२

अहो १.४ जीबीच शिल्लक आहे, रुमाल कुठे टाकताय?

कोपरी_पूल | रात्री १०:३१

फॉरमॅट मारा. अर्ध्या तासात मोकळे.

खजिनदार_कळवा | रात्री १०:३३

सभा रविवारी आहे हो.

बिट_आणि_बाइट | रात्री ११:०५

फॉरमॅट वगैरे काही करू नका. एकेक बघू.

१२० चे ११० होण्यात कोणी काही चोरलेलं नाही. डिस्क बनवणारा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने. १२० अब्ज बाइटना १०२४ ने तीनदा भागा, १११.७६ येतात. वरचा दीडेक जीबी बूट आणि रिकव्हरीच्या छोट्या पार्टिशनांनी, म्हणजे विंडोज सुरू करायला आणि दुरुस्त करायला राखून ठेवलेल्या डिस्कच्या तुकड्यांनी घेतला.

एक्स्टेंड का पुसट? कारण तुमचे सी आणि डी या दोन वेगवेगळ्या डिस्का आहेत. फ्लॅट वाढवायला शेजारच्या बिल्डिंगची गच्ची कशी जोडणार? बरं, दोन्ही एकाच डिस्कवर असते तरी मोकळी केलेली जागा सीच्या लगेच उजवीकडे लागते. मध्ये रिकव्हरीचं पार्टिशन आडवं आलं तरी बटण पुसटच राहतं. तेव्हा तो नाद सोडा. डीवर राइट क्लिक करा, तिथे एक्स्टेंड चालेल, तुमचे २०० जीबी होते तिथे परत जातील.

आता ४३ जीबी. एक्सप्लोररमध्ये तुम्ही जे निवडलंत त्यात लपवलेल्या गोष्टी आल्याच नाहीत. हायबरफिल.सिस, पेजफाइल.सिस (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा), सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन, प्रोग्रॅमडेटा, ही सगळी मंडळी सीच्या तोंडाशीच बसलेली असतात पण दिसत नाहीत. एक करा. काहीही पुसायच्या आधी विझट्री किंवा विनडिरस्टॅट उतरवून घ्या आणि कुठल्या फोल्डरने किती खाल्लंय ते बघा. चालवताना राइट क्लिक करून 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणायचं, नाहीतर काही फोल्डरांचं दार त्यांनाही उघडत नाही आणि तफावत तशीच राहते. विझट्री एनटीएफएसची मास्टर फाइल टेबल, म्हणजे ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइलींची अनुक्रमणिका थेट वाचतो, त्यामुळे एसएसडीवर काही सेकंदांत यादी समोर. विनडिरस्टॅट सावकाश आहे पण रंगीत चौकोनांचं चित्र देतो. सगळ्यात मोठा चौकोन तो चोर.

आकडे इथे टाका. तोवर हात बांधून बसा.

घोडबंदर_रोज | रात्री ११:११

विनडिरस्टॅट मोजत असताना स्क्रीनवर पॅकमॅन तोंड उघडझाप करत फिरतो. आमच्याकडे अख्खं घर ते बघत बसलं होतं. कासारवडवलीहून निघाल्यावर पुढचा सिग्नल लागायचीही एवढी वाट बघत नाही कोणी.

निळा_पडदा | रात्री ११:४०

एवढा अभ्यास कशाला? मी सांगतो. विंडोज फोल्डरच्या आत विनएसएक्सएस नावाचं फोल्डर आहे, १०-१२ जीबीचं. आत सगळा जुना कचरा. ते उडवा. शिवाय रॅम १६ जीबी आहे ना, मग पेजफाइल बंद करा. दोन मिनिटांत १५ जीबी.

बिट_आणि_बाइट | रात्री ११:४४

खजिनदारसाहेब, वरचा प्रतिसाद वाचू नका. वाचला असेल तर विसरा.

जुना_मॉडेम | रात्री ११:५८

निळा_पडदा, आपलं नाव आपण कमावलेलं दिसतंय. (हलके घ्या.)

विनएसएक्सएस म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या भागांचं कोठार. ते हाताने पुसलं तर विंडोज अपडेट घेणं बंद करेल, आणि एखाद दिवशी उठणारच नाही. तिथे खरोखर जुनं काही साठलं असेल तर ते काढायचं काम विंडोजच्याच डिझम नावाच्या हत्याराचं. डिस्क क्लीनअप उघडून 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' म्हटलं आणि 'विंडोज अपडेट क्लीनअप' वर खूण केली तरी तेच होतं. कोणी डिझमचा 'रीसेट बेस' हा पर्याय वापरा म्हणालं तर एवढं लक्षात ठेवा की त्यानंतर आधी बसवलेली अपडेट काढता येत नाहीत.

आणि ते १०-१२ जीबीही फसवे. खजिनदार आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. त्या फोल्डरमधल्या बऱ्याच फाइली हार्ड लिंक आहेत. म्हणजे व्हाउचर एकच, पण ते दोन फायलींत लावलेलं. एक्सप्लोरर दोन्ही फायली उघडून दोन्हीकडचा खर्च धरतो. तेव्हा तुमचे ६६ जीबीही फुगलेले आहेत. तफावत ४३ नाही, त्याहून जास्त निघेल. झोप लागो.

खजिनदार_कळवा | शनिवार, सकाळी ७:५०

नाही लागली.

पण दुबार नोंदीचं उदाहरण एका झटक्यात समजलं. आमच्याकडे गेल्या वर्षी लिफ्टच्या बिलाचं हेच झालं होतं.

अपर्णा_ऐरोली | सकाळी ९:१५

माझा अनुभव सांगते, कोणाच्या तरी कामी येईल.

लॅपटॉप भरला म्हणून एका रविवारी स्वयंपाक गॅसवर ठेवून आवराआवर काढली. फोटोंचं फोल्डर क्लाउडला जोडलेलं होतं. मी समजले, वर एक प्रत आहेच, इथलं पुसते. ४० जीबी मोकळे, मी खूश. संध्याकाळी सासूबाईंनी फोनवर लेहचे फोटो मागितले तर फोनवरही नाहीत! ते फोल्डर म्हणजे वरच्याचीच सावली, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं हे तेव्हा कळलं. नशिबाने वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये सगळं सापडलं, तिथे महिनाभर राहतं म्हणे. पोळ्या मात्र करपल्या त्या करपल्याच.

तेव्हापासून पुसत नाही. फोल्डरवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' म्हणते. फाइल वर राहते, इथली जागा सुटते, उघडली की परत उतरते.

दुसरी गोष्ट व्हॉट्सअॅपची. ते लॅपटॉपवर टाकलं असेल तर त्याचे फोटो-व्हिडिओ अॅपडेटाच्या आत, पॅकेजेस नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात. आमच्या माहेरच्या ग्रुपचे सुप्रभात ९ जीबी होते.

वडापाव_३८६ | सकाळी ९:२१

९ जीबी सुप्रभात! एवढी शुभ सकाळ अख्ख्या ऐरोलीला पुरेल.

डीटीपी_नौपाडा | सकाळी १०:०२

लग्नपत्रिका आणि मंडळांचे बॅनर करतो, त्यामुळे गणपतीत माझा सी दरवर्षी मरतो. बॅनर २० फुटी, लेयर ६०, आणि फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क (काम चालू असताना तात्पुरता माल ठेवायची जागा) मुळात सीच असते. काम चालू असताना लाइट गेली की टेम्प फोल्डरमध्ये 'फोटोशॉप टेम्प' नावाची धुडं पडून राहतात, एकेक दहा-पंधरा जीबीचं. प्रोग्रॅम बंद असताना ती बिनधास्त पुसायची. मग प्रेफरन्सेसमध्ये जाऊन स्क्रॅच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हवर. दुसरा ड्राइव्ह एसएसडी असेल तर उत्तम, हार्ड डिस्क असेल तर चहा टाकून यायचं.

ज्यांच्या घरी हे असलं काही नाही त्यांनीही टेम्प बघावं. विंडोज आणि आर एकत्र दाबा, टक्का-चिन्ह टेम्प टक्का-चिन्ह लिहून एंटर. (अर्थात इंग्रजी अक्षरांत. एकाने मला देवनागरीत लिहून फोटो पाठवला होता.) जे पुसलं जात नाही ते वापरात आहे, ते 'स्किप' करायचं.

कोपरी_पूल | सकाळी १०:१५

फॉरमॅट मारला असता तर एव्हाना झालं असतं.

अपर्णा_ऐरोली | सकाळी १०:१९

कोपरी_पूल, तुम्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करता का? ठाण्यात स्टेशनजवळच्या एका दुकानात भावाचा लॅपटॉप दिला होता, "फक्त सी साफ करा" सांगून. परत आला तेव्हा सी साफ आणि डीही साफ. विचारलं तर म्हणे, "आता किती फास्ट झालाय बघा."

पेंग्विन_पनवेल | सकाळी १०:४०

लिनक्स टाका. प्रश्न मुळातूनच जातो.

खजिनदार_कळवा | सकाळी १०:४२

आणि टॅली कशावर चालवू?

जुना_मॉडेम | सकाळी १०:५५

पेंग्विनराव, मागच्या मे महिन्यात /बूट भरलं म्हणून इथेच धागा कोणी काढला होता ते सांगू का?

पेंग्विन_पनवेल | सकाळी ११:०३

मीच. :) बूटचं पार्टिशन वेगळं आणि इवलंसं ठेवलं होतं, जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) साठत गेले आणि अपडेट अर्ध्यात अडकलं. 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' ने सुटलं. पण ४३ जीबी गायब असले प्रकार आमच्यात नाहीत. डीयू ही जागा मोजायची कमांड दिली की सगळं उघडं.

सानपाडाकर | सकाळी ११:३०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत. डीमधला माल बाहेर काढून डी उडवला, तरी एक्स्टेंड पुसट. चित्रात सीच्या शेजारी ५०० एमबीचं काहीतरी आहे.

बिट_आणि_बाइट | सकाळी ११:४८

तेच ते रिकव्हरी पार्टिशन. तुमचा बाजूचा फ्लॅट तुमचाच, पण मध्ये सोसायटीचा जिना. जिना पाडू नका. पार्टिशन सरकवणारे प्रोग्रॅम मिळतात, ते जिना पलीकडे नेऊन ठेवतात. पण सगळ्याचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. सरकवताना लाइट गेली तर जिनाही नाही आणि फ्लॅटही नाही.

खरं विचाराल तर मी सरकवणारच नाही. तिथे नवा डी करा आणि डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स ही फोल्डरं तिकडे हलवा. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन नावाचा टॅब असतो, तिथे 'मूव्ह'. विंडोज पुढे सगळं आपोआप तिकडेच ठेवतो. नुसतं कट-पेस्ट केलं तर नवीन फाइली परत सीमध्येच पडत राहतात. खजिनदार, लग्नाचे व्हिडिओ हलवूनही तुमचं हेच होत असणार.

खजिनदार_कळवा | शनिवार, दुपारी ३:३५

मंडळी, ताळेबंद जुळला!

विझट्री अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला. जेवण राहिलं. आकडे देतो, अंकेक्षण करून घ्या:

दिसणारा माल (विंडोज, प्रोग्रॅम, घरच्यांची फोल्डरं): ६१. म्हणजे मॉडेमराव म्हणाले तसे ६६ पैकी ५ दुबार नोंदीचे.
हायबरफिल.सिस: ६.३
पेजफाइल.सिस: ४.८
सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन: ५.५
प्रोग्रॅमडेटा: ३१
एकूण १०८.६. वापरलेले १०९. उरलेले ०.४ 'किरकोळ' खात्यात टाकले, तशी पद्धत आहे.

आता हे प्रोग्रॅमडेटा म्हणजे काय भानगड आहे? आत एक फोल्डर, त्यात तारखेवार फोल्डर, त्यात एकेक मिनिटाचे शेकडो तुकडे. एक उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला. आमच्या सोसायटीचं गेट!

झालं असं, की गेल्या वर्षी सीसीटीव्ही बसवला तेव्हा रेकॉर्डिंगचा डबा वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवला. कमिटीत ठरलं की कोणाच्या तरी घरीही चित्र दिसावं. कॉम्प्युटर चालू अवस्थेत फक्त माझ्याकडे. बसवायला आलेल्या मुलाने एक प्रोग्रॅम टाकला, चार कॅमेरे दिसले, मी त्याला चहा दिला, तो गेला. पुढे मी ती खिडकी कधी उघडली नाही. पण तो प्रोग्रॅम मागे चालूच होता. गेटवर काही हाललं की एक तुकडा सेव्ह. माणूस, मांजर, वाऱ्याने हाललेला आंब्याचा फाटा, सगळं. आणि ठेवायची जागा बाय डिफॉल्ट सी.

थोडक्यात, मी वर्षभर आंब्याचा फाटा साठवत होतो.

घोडबंदर_रोज | दुपारी ३:४१

३१ जीबी आंबा. पेटीचा भाव काय?

अपर्णा_ऐरोली | दुपारी ३:५०

मुलाचा गेम परत टाकून द्या आधी.

बिट_आणि_बाइट | दुपारी ४:१०

शाब्बास. आता ओळीने घ्या.

सीसीटीव्ही: प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये साठवायची जागा डी करा, हालचाल टिपणं हवं तर ठेवा, पण जुनं आपोआप पुसायची मर्यादा घाला. जुने तुकडे कट करून डीवर टाका. प्रोग्रॅम पूर्ण बंद करून मगच, खाली घड्याळाशेजारीही तो दडलेला असतो.

हायबरफिल: हायबरनेट करताना रॅममधलं सगळं यात ओततात. विंडोज १० रॅमच्या ४० टक्के जागा त्यासाठी आधीच अडवून ठेवतो. १६ चे ६.४, तुमचे ६.३, बरोबर. डेस्कटॉपवर तुम्ही हायबरनेट करत नसाल. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश एच, परत जागा सोडून ऑफ. फाइल स्वतःहून जाते. फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर बंद होतं, पण एसएसडीवर चार-दोन सेकंदांचा फरक.

सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन: हे रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोज बिघडला तर मागे जायच्या खुणा. फोल्डरला हात लावायचा नाही. सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये जाऊन सीची कमाल मर्यादा २ टक्क्यांवर आणा, जुने पॉइंट गळतील. सरसकट बंद करू नका.

पेजफाइल: राहू द्या.

निळा_पडदा | दुपारी ४:२२

पेजफाइल का राहू द्या? माझी तीन वर्षं बंद आहे, काही बिघडलं नाही.

जुना_मॉडेम | दुपारी ४:३०

ब्राउझरमध्ये किती टॅब उघडता?

निळा_पडदा | दुपारी ४:३१

दोन.

जुना_मॉडेम | दुपारी ४:३३

खजिनदार टॅली, एक्सेल, बँकेची तीन पानं आणि आता चार कॅमेरे उघडून बसलेत. रॅम संपली आणि मागे पेजफाइल नसली तर विंडोज काय म्हणेल, की जागा नाही, मग एखादा प्रोग्रॅम न विचारता पडतो. तो नेमका न सेव्ह केलेला ताळेबंद असतो. डीवर हलवता येते, पण डी फिरती हार्ड डिस्क, मग सगळंच रांगायला लागेल.

अपर्णा_ऐरोली | संध्याकाळी ५:०५

लॅपटॉपवाल्यांनी मात्र हायबरनेट बंद करताना विचार करावा. बॅगेत टाकून ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोली ते ठाणे जाऊन येते, बॅटरी उतरली तरी उघडल्यावर काम होतं तिथेच सापडतं ते त्या फाइलमुळे. आणि डिस्क क्लीनअप किंवा स्टोरेज सेन्स (विंडोजचीच आपोआप सफाई) चालवताना यादी नीट वाचा. 'डाउनलोड्स' वर खूण असेल तर काढा. विंडोज १० च्या काही आवृत्त्यांत डिस्क क्लीनअपच्या यादीतही ते आलं होतं आणि लोकांनी सगळीकडे टिचक्या मारून आपले फॉर्म १६ उडवले होते.

सानपाडाकर | संध्याकाळी ५:३०

माझ्याकडे विंडोज.ओल्ड नावाचं २० जीबीचं फोल्डर निघालं! विंडोज ११ केलं होतं आठ दिवसांपूर्वी. उडवू?

बिट_आणि_बाइट | संध्याकाळी ५:३८

ती परतीची वाट आहे. परत १० वर जायचं नसेल तर उडवा, पण हाताने नाही, डिस्क क्लीनअपमधून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स'. काहीच केलं नाहीत तरी दहा दिवसांनी विंडोज ते स्वतःच काढतो. आणखी दोन दिवस फुकट थांबता येत असेल तर थांबा.

खजिनदार, त्यावरून आठवलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सभा झाली की त्याचंही बघा. १२० जीबीवर सगळा संसार कायमचा चालणार नाही, तेव्हा मोठा एसएसडी घेऊन सीची हुबेहूब प्रत त्यावर काढणं हा खरा उपाय. आज जे करतोय ते मलमपट्टी.

कोपरी_पूल | संध्याकाळी ५:४५

म्हणजे शेवटी नवीन डिस्कच. मी फॉरमॅट म्हणालो तर सगळे अंगावर आलात.

क्लीनर_हवा | संध्याकाळी ६:१२

एवढं सगळं वाचायला वेळ नाही. एका क्लिकमध्ये साफ करणारं काही सॉफ्टवेअर आहे का?

जुना_मॉडेम | संध्याकाळी ६:२०

आहेत, पोत्याने आहेत. त्यातली निम्मी टेम्प पुसतात, जे तुम्हीही पुसू शकता. उरलेली रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची वही) 'साफ' करतात, त्यात जागा काडीची सुटत नाही. आणि प्रसिद्ध नाव म्हणजे निर्धास्त असंही नाही. २०१७ साली सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या स्वतःच्याच डाउनलोडमधून मालवेअरसकट बाहेर गेली होती. झाडू विकत घेतला आणि त्यातच पाल.

खजिनदार_कळवा | रविवार, सकाळी ११:२०

सगळं केलं. हायबरनेट बंद, ६.३ सुटले. रिस्टोअरची मर्यादा खाली, ३.३ सुटले. टेम्प आणि डिस्क क्लीनअप मिळून ३. सीसीटीव्हीचे ३१ डीवर. आता शिल्लक ४५ जीबी, पट्टी निळी. डीचे २०० जीबीही परत जोडले. ताळेबंद सेव्ह झाला, ऑडिटरकडे गेला. सर्वांचे मनापासून आभार, बिट_आणि_बाइट आणि जुना_मॉडेम यांना माझ्याकडून ठाण्यातल्या मामलेदारची मिसळ. तिखट झेपत असेल तर.

गेमही परत टाकला. पण यावेळी डीवर.

जाता जाता एक अडचण. तुकडे हलवताना सहज १३ सप्टेंबरचे बघितले. गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या सेक्रेटरींच्या नव्या स्कूटरला कोणीतरी डाव्या बाजूने लांबलचक ओरखडा काढला. त्यावरून आरतीच्या वेळी दोन विंगांमध्ये जुंपली. केबिनमधल्या डब्याची डिस्क नेमकी त्या आठवड्यात गेलेली होती, त्यामुळे पुरावा नाही. रविवारच्या सभेत 'आयत्या वेळचे विषय' यात हा विषय येणार असं दिसतं.

आता माझ्याकडे तो तुकडा आहे. संध्याकाळी ६:४७. एक गृहस्थ प्लायवूडचं मखर डोक्यावर आडवं धरून गेटमधून येतात, त्यांना पुढचं काही दिसत नाही, मखराचा कोपरा स्कूटरला वरपासून खालपर्यंत घासत जातो आणि ते तसेच जिन्याकडे जातात. मखर ओळखीचं आहे. त्याला मीच सोनेरी कागद लावला होता.

शप्पथ सांगतो, मला कळलंच नव्हतं.

प्रश्न एवढाच, ही फाइल शिफ्ट-डिलीट केली तर कायमची जाते का?

घोडबंदर_रोज | सकाळी ११:२३

पॉपकॉर्न आणतो.

बिट_आणि_बाइट | सकाळी ११:३५

तांत्रिक उत्तर देतो, नैतिक प्रश्न तुमचे तुम्ही बघा. सीवर असती तर गेली असती. एसएसडीला ट्रिम असतं. फाइल पुसली की विंडोज एसएसडीला सांगतो, हे कप्पे आता नकोत, आणि तो ते आतून झाडून टाकतो. मग रिकव्हरीवाल्यांच्याही हाती सहसा काही लागत नाही.

पण काल तुम्ही ती डीवर हलवलीत. डी फिरती हार्ड डिस्क. तिथे शिफ्ट-डिलीट म्हणजे फक्त अनुक्रमणिकेतलं नाव खोडणं. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत साध्या रिकव्हरी प्रोग्रॅमनेही परत येते.

अपर्णा_ऐरोली | सकाळी ११:४१

सांगून टाका हो. रंगाचा खर्च किती येणार? लपवलंत तर आयुष्यभर सेक्रेटरींच्या डोळ्याला डोळा देता यायचा नाही.

कोपरी_पूल | सकाळी ११:४४

डी फॉरमॅट मारा.

बी_विंग_तिसरा_मजला | सकाळी ११:५२

नमस्कार. दोन वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच प्रतिसाद. कळवा, आंब्याचं झाड, उशिरा पोचून खजिनदार झालेले, सोनेरी कागदाचं मखर. काका, मी तुमच्याच सोसायटीत राहतो. आरतीच्या वेळी तुम्ही ज्याच्यावर बोट दाखवलंत तो मीच.

रविवारी भेटूच.

खजिनदार_कळवा | सकाळी ११:५५

संपादक मंडळ, हा धागा उडवता येईल का?

जुना_मॉडेम | दुपारी १२:०१

उडवला तरी जागा मोकळी व्हायची नाही.